भागूच्या उंबऱ्याचे कडबू

मार्गशीर्षाची अमावास्या आली की आमच्याकडची गावं ओस पडतात. डोक्यावर टोपल्या, कडेवर पोरं, खांद्यावर घोंगड्या घेऊन माणसं सकाळीच शेताकडे निघतात आणि मागे कुलपं, कुत्री आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं राहतात. पंचांगात ही ‘वेळ अमावास्या’, आमच्या तोंडी येळवस. दिवाळीला एखादा घरी आला नाही तर चालतं. येळवसाला मात्र हैद्राबादेत नोकरी करणारादेखील शेतावर हजर असतो. गुलबर्ग्याच्या ज्या आळीत मी आता राहतो तिथूनही आज सकाळी रिक्षा भरभरून गेल्या. शेजारच्या सूनबाईंनी दारातून विचारलं, “काका, चलायलाव न्हवं?” मी म्हटलं, “यंदा नको.” त्यांनी आग्रह केला नाही. भागूला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

भागू माझी मुलगी. भागीरथी. गेल्या श्रावणात ती गेली तेव्हा तिचेही केस बरेच पांढरे झाले होते. रुक्मिणी, तिची आई, तिच्या कितीतरी आधी गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघंच, बाप-लेक. भेटायला आलेले लोक ओट्यावर टेकत आणि म्हणत, “सुटली बिचारी.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणत, “तुमीबी सुटलाव, मास्तर.” वाईट हेतूनं कोणी म्हणत नव्हतं. अशा लेकराच्या आईबापांची देवाकडे एकच मागणी असते, की आमच्या आधी हिला ने. आणि ती मागणी मनातल्या मनातसुद्धा पुऱ्या वाक्यात मांडवत नाही. माझी ती मागणी पुरी झाली. पुरी झालेली मागणी घेऊन मी आज या रिकाम्या आळीत बसलो आहे.

ऊन कोवळं आहे. या उन्हाला आमच्याकडे एक वास असतो. तो ज्वारीचा, की ओल धरून असलेल्या काळ्या मातीचा, की घरोघरी पहाटेपासून शिजणाऱ्या पालेभाज्या-कडधान्यांच्या भज्जीचा, हे मला कधी वेगळं काढता आलं नाही. खजुरीच्या शिवारात आमचं थोडंसं रान होतं. या दिवसांत ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली असे, कणसं नुकती दाण्यात आलेली असत. हरभऱ्यातून चाललं की पायाला त्याच्या पानांवरची आंब लागे आणि घरी आल्यावर पोटऱ्या चुरचुरत. भागूला मी खांद्यावर घेऊन चालत असे, म्हणून तिच्या पायांना ती आंब कधी लागली नाही. ती पाच वर्षांची होऊन सहावं लागेपर्यंत तिचे पाय माझ्या छातीवर लोंबत असत, आणि ज्वारीची कणसं तिच्या गालांना घासून जात. ती हसे. तिचं हसू उशिरा सुरू होई आणि उशिरा थांबे.

मी तेव्हा आळंदच्या शाळेत मास्तर होतो. माझं सारं शिक्षण उर्दूतलं. गणित, भूगोल, इतिहास, सगळं मी उजवीकडून डावीकडे शिकलो होतो. निजामाचं राज्य गेलं, शाळेची भाषा बदलली, आणि तिशीतला मी पोरांच्या बरोबरीनं नवे शब्द गिरवू लागलो. बाहेर भाषावार प्रांतांच्या गप्पा चालत. आळंद कुणीकडे जाणार, उदगीर कुणीकडे, आपली बदली कुठल्या मुलखात होणार, हेच बोलणं. शाळेत एखाद्या पोराला पाढा येत नसला की मी म्हणे, “येईल, उशिरा येईल, घाई कशाला?” शाळेत हे म्हणणं सोपं होतं.

भागू जन्मली तेव्हा रडली नाही. सुईणीनं पाठीवर थापट्या मारल्या, थंड पाणी शिंपडलं, मग बऱ्याच वेळानं ती मांजराच्या पिलासारखी कण्हली. मान सावरायला तिला वर्ष उलटून गेलं. गुलबर्ग्याचे एक वयस्क डॉक्टर आम्ही गाठले. त्यांनी तिचे हातपाय वाकवून पाहिले, डोळ्यांपुढे किल्ल्यांचा जुडगा हलवला आणि चष्मा काढून म्हणाले, “मास्टरसाब, बच्ची अपने वक्त से चलेगी. आपके वक्त से नहीं.” परतताना मोटारीत रुक्मिणीनं मला त्याचा अर्थ विचारला. तिला उर्दू कळत होती. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे चालंल असं म्हनलेत की.”

मूल मोठं होतं तेव्हा त्याचे जे सोहळे होतात, त्यांच्यात दोन जाती असतात, हे मला भागूमुळे कळलं. बारसं, जावळ, कान टोचणं हे आपण मुलाला करतो. त्यांना पंचांगात मुहूर्त असतो, आणि मूल कसंही असो, ते होतात. भागूचेही झाले. दुसरे सोहळे मूल आपण होऊन करतं. पालथं पडतं, बसतं, रांगतं, उंबरा ओलांडतं. त्यांना मुहूर्त नसतो. ते बहुतेक घरांत इतके सहज येतात, की चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून आई उठते आणि तेवढ्यात मूल पालथं पडलेलं असतं. आमच्या घरात या दुसऱ्या सोहळ्यांची वाट पाहिली जाई, पाऊस लांबला की पाहतात तशी, बोलून न दाखवता.

वाट पाहणं म्हणजे रुक्मिणीच्या लेखी हातावर हात ठेवून बसणं नव्हे. रोज सकाळी ती भागूला करडईच्या कोमट तेलानं चोळी. परसात तिनं भागूच्या मांड्यांपर्यंत येईल एवढा खड्डा खणून घेतला होता. त्याच्या कडांना जुन्या गोधड्या लावून ती लेकीला त्यात उभी करी आणि समोर बसून तुरी सोली. भागू उभी राही, कारण तिला पडायला जागाच नसे. पांगुळगाडा करायला मी सुताराकडे गेलो तेव्हा मापं ऐकून तो म्हणाला, “येवढा थोर कामून, मास्तर? जुळी लेकरं हायत का?” गाडा मात्र त्यानं फार सुबक करून दिला, चाकांना एरंडेल घालून.

आळंदच्या आमच्या आळीत एक रीत होती. मूल पहिल्यांदा आपल्या पायांनी उंबरा ओलांडून गेलं, की त्या घरी करंजीच्या आकाराचे पुरणाचे कडबू होत आणि आळीतल्या घराघरांत ताट फिरे. ज्या घरी ताट जाई ते घर ताट रिकामं परत देत नसे, चिमूटभर ज्वारी आणि गुळाचा खडा घालून देई, आणि देताना म्हणे, “पुढच्याला बोलवा.” म्हणजे पुढच्या सोहळ्याला. पहिल्या बोलाला, शाळेला, लग्नाला, जे पुढचं येईल त्याला. म्हणणाऱ्याचं लक्षही नसे, इतकं ते तोंडात बसलेलं होतं. भागूच्या मागून आळीत कितीतरी मुलं जन्मली, आणि एकेकाचं ताट आमच्या दारी येऊन गेलं. प्रत्येक वेळी रुक्मिणी हसून कडबू घेई, ज्वारी-गूळ घाली, आणि “पुढच्याला बोलवा” म्हणे. ताट घेऊन आलेली बाई मात्र आमच्या दारात नजर खाली ठेवी. आपण काही चोरून आणलं आहे असा तिचा चेहरा असे.

ज्या येळवसाबद्दल मी लिहायला बसलो तो, आमचं हैद्राबाद राज्य मोडायच्या आधीचा शेवटचा. आम्ही भाड्याच्या बैलगाडीनं खजुरीला गेलो. मी, रुक्मिणी, भागू, आणि माझी थोरली बहीण, जिला सारी आळी आक्का म्हणे. आक्का तरुणपणी विधवा होऊन माझ्याकडे आली होती आणि घरातली सगळी शास्त्रं तिच्या ताब्यात होती. शेताच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी केलेली होती, वर रुक्मिणीचं नवं लुगडं पांघरलेलं. आत चुना आणि गेरू लावलेले पाच पांडव, म्हणजे पाच दगड, मांडलेले. शेजारच्या रानातले गुरप्पा अण्णा जेवायला आले होते. पेठेत त्यांचं गुळाचं दुकान, घरात कन्नड, दुकानात मराठी, रागावले की दोन्ही. आंबिलीचं मडकं घेऊन ज्वारीभोवती शिंपडत फिरताना जी आरोळी देतात तिचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही. ती कन्नड आहे असं गुरप्पा अण्णा म्हणत, मराठी आहे असं आक्का म्हणे, आणि हे भांडण दर येळवसाला नव्यानं होई.

“आता काय उरलंय, आक्का,” अण्णा म्हणाले, “आमी म्हैसुरात जायलाव, तुमी मुंबईत जावा. मधला बांध तेवढा हैद्राबादेत ठिवू.”

“बांध आमचाच हाय,” आक्का म्हणाली. “गेल्या साली तुमीच कोरलाव.”

नैवेद्याचं ताट कोपीत ठेवलं होतं. बाजरीचे उंडे, भज्जी, खीर. पूजा व्हायची होती, मी आंबिलीचं मडकं उचलत होतो. भागूला रुक्मिणीनं कोपीसमोर घोंगडीवर बसवलं होतं. त्या वर्षी ती कशाचा तरी आधार धरून उभी राहू लागली होती, पण आधार सुटला की बसे. मी पाठमोरा होतो. गुरप्पा अण्णांचा आवाज आला, “अय्यय्यो!” आणि मी वळलो.

भागू चालत होती. कोपीसमोरची जी पेंढी धरून ती उठली होती ती तिनं सोडलेली होती. दोन्ही हात पंखांसारखे बाजूला धरलेले, डोकं एका खांद्यावर कललेलं, आणि पाय असे टाकत होती, जणू प्रत्येक वेळी जमीन आहे की नाही याची आधी चौकशी करावी. रुक्मिणी अर्धवट उठलेली तशीच ओणवी थांबली. भागू वाकून कोपीत शिरली, पांडवांच्या शेजारी धपकन बसली, ताटातला उंडा उचलला आणि खाऊ लागली.

“आगं, उष्टं केली की नैवेद्य!” आक्का ओरडली. “देवाच्या आधी खायलीय! उठव तिला!”

रुक्मिणी उठवायला गेली नाही. ती हसत होती आणि लुगड्याच्या पदरानं तोंड पुसत होती. म्हणाली, “वन्सं, उंबरा वलांडली न्हवं भागू? उद्या कडबू करायचे.”

“उंबरा?” आक्कानं कोपीकडे हात केला. “कोपीला उंबरा कुटं असतोय? उंबरा म्हंजे लाकूड. लाकूडच न्हाई तर वलांडली काय?”

“आत गेली का न्हाई सोताच्या पायानं?”

“गोठ्यात वासरू जातंय. त्याचे कडबू करतेस का?”

घोंगडीवर बसलेले गुरप्पा अण्णा दाढी खाजवत होते. म्हणाले, “आक्का, आत पांडव बसल्यात का न्हाई?”

“बसल्यात की.”

“मग ते तुमच्या गोठ्यात बसल्यात का घरात? गोठा म्हना, आनि मग त्यास्नी नैवेद्य दावा.”

आक्कानं नैवेद्याच्या दुसऱ्या ताटात भज्जी वाढायला घेतली. ते ताट दाखवून पूजा झाली. भागूला तिथून हलवता आलं नाही. सहावा पांडव म्हणून ती पूजेतही तिथंच बसली, आणि आक्कानं पुटपुटत तिच्या कपाळालाही हळदकुंकू लावलं. जेवणं झाल्यावर रुक्मिणीनं तिला पुन्हा उभी करून पाहिली. भागू बसली. पुन्हा केली. पुन्हा बसली, आणि तिचं ते उशिराचं हसू हसली. ऊन ज्वारीच्या शेंड्यांवर जाईपर्यंत ती काही पुन्हा चालली नाही. नंतर चैत्र उजाडेपर्यंतही नाही.

परतताना गाडीत मी रुक्मिणीला म्हटलं, “घरातच चार कडबू करू. देवाला दाखवू. ताट कशाला फिरवायचं?” भागू माझ्या मांडीवर झोपली होती. मला आळीतल्या बायकांचे चेहरे दिसत होते. सहा वर्षांच्या मुलीनं उंबरा ओलांडल्याचे कडबू हातात घेऊन त्यांनी काय म्हणायचं? आपलं दुखणं आपण होऊन लोकांच्या ताटात कशाला वाढायचं? रुक्मिणी बैलांच्या पाठींकडे पाहत म्हणाली, “पोट भरायला करायचेत का कडबू? वाटायलाच असत्यात. मी इतक्या जनीला म्हनले पुढच्याला बोलवा म्हनून. एकदा तरी मला कुनी म्हनू द्या की.”

पुढे भागू चालली. एक पाय ओढत, पण चालली. तिचे सोहळे पुढेही तिच्याच वेळेनं येत राहिले. पहिला शब्द, नळावरून तांब्या भरून आणणं, वेणी स्वतः सोडणं. घालणं तिला कधी जमलं नाही, सोडणं जमलं. तिच्या वयाची, मिसरूड फुटलेली पोरं ज्या वर्षी शाळेतून पास होऊन निघाली त्या वर्षी ती गुंडी लावायला शिकली, आणि रुक्मिणीनं शिरा केला. आमच्या घरी जितक्या वेळा गोड झालं तितकं शहाण्या मुलांच्या घरी झालं नसेल. बाकीची मुलं एका वर्षात जे भराभर करून टाकतात ते भागूनं आम्हाला आयुष्यभर पुरवून पुरवून दिलं. हे सांत्वनासाठी मी म्हणत नाही. सांत्वन म्हणून हे अपुरं आहे. रुक्मिणी गेली तेव्हा भागू स्वयंपाकघरात आईच्या पाटावर जाऊन बसली, आणि बरेच दिवस तिथून उठायला तयार नव्हती. तो पाट रिकामा ठेवायचा नाही एवढं तिला कळलं होतं. त्याहून जास्त मला तरी काय कळलं होतं?

“सुटली” हा शब्द मी श्रावणापासून मनात उलटसुलट करून पाहतो आहे. सुटते ती बांधलेली वस्तू. भागू बांधलेली नव्हती. तिचं एक चालणं होतं, सावकाशीचं, आणि त्या चालण्याला अजून पुढं होतं, असं मला अखेरपर्यंत वाटत होतं. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात ती खिडकीतून वाकून समोरच्या मुलांना नावानं हाका मारायला शिकली होती. त्याचं गोड करायचं राहून गेलं. मला एकट्याला पुरण जमत नाही, म्हणून मी ते दिवाळीवर टाकलं होतं.

खजुरीच्या त्या येळवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती पाट्यावर वरवंटा फिरण्याच्या आवाजानं. आक्का पुरण वाटत होती. मला पाहून म्हणाली, “बघायलास काय? उंबरा मला पटलेला न्हाई. पन तुझ्या बायकूला बारीक पुरन वाटता येत न्हाई, म्हनून वाटायले.” कडबू झाले. परातीत रचले. भागूला कडेवर घेतलं की रुक्मिणीला परात धरता येईना, आणि आक्कानं सकाळीच सांगून टाकलं होतं की ती दारोदार हिंडणार नाही. तेव्हा परात मी घेतली, घरोघर पुढे करायचं ताट तिच्यावरच ठेवून. आळीतले पुरुष दात घासत उभे होते. एकजण म्हणाला, “मास्तर, तुमी कामून? शाळेला सुट्टी हाय का?” मी म्हटलं, “आमच्या भागूनं उंबरा ओलांडला.” त्यानं तोंडातलं दातवण काढलं आणि पुन्हा तोंडात घातलं.

पहिल्या घरच्या बाईनं कडबू घेतले, “असू द्या, असू द्या,” म्हणाली, ज्वारी-गूळ घातला, आणि पुढचं वाक्य तिच्या ओठांशी येऊन थांबलं. ती भागूकडे पाहून कसनुशी हसली आणि आत गेली. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या घरी बाईनं भागूच्या गालाला हात लावला आणि डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी खरं होतं, पण रुक्मिणीला ते नको होतं. भागूला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं, एवढंच. भागू आता चांगलीच जड झाली होती. मला वाटलं, आता परत फिरावं.

चौथं घर खालाचं. तिचं नाव आळीत कोणी घेत नसे. लहानथोर सगळे खाला, म्हणजे मावशीच म्हणत. राज्य बदललं त्या गडबडीत तिचा मुलगा आणि सून कुठेतरी निघून गेले होते. ते हैद्राबादला आहेत असं कोणी म्हणे, आणखी लांब आहेत असं कोणी म्हणे. ती दिवसभर दारात सुपारी कातरत बसे. आम्ही थांबलो तशी तिनं अडकित्ता खाली ठेवला.

“क्या है जी?”

“कडबू, खाला,” मी म्हटलं. “भागूच्या उंबऱ्याचे.”

तिनं भागूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग मी पुढे केलेल्या ताटात पाहिलं.

“इत्ती बडी बच्ची,” ती म्हणाली, “और दोइच कडबू? छोटे बच्चे का दो मिलता. इसका तो चार होना!”

रुक्मिणीनं माझ्या परातीतून आणखी दोन कडबू उचलून त्या ताटात घातले. खाला गुडघ्यांवर हात टेकून उठली, आत गेली, आणि बराच वेळ भांडी वाजत राहिली. परत आली ती मूठभर ज्वारी आणि गुळाचं चांगलं ढेकूळ घेऊन. ते ताटात घातलं, आणि भागूची हनुवटी बोटानं वर करून मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, “अगले कू बी बुलाना. दौडेगी तब. भूलना नक्को!”

दातवण चघळणारा थांबला. रुक्मिणीनं डोळ्यांना पदर लावला नाही. ती उर्दू कधी बोलत नसे.

“बुलाऊंगी,” ती म्हणाली.

आणि लेकीला कडेवर नीट वर सरकवून, मी येतो आहे की नाही हे न पाहता, ती पुढच्या दाराकडे चालू लागली.